धनंजय माने ते आनंद माथुर

१९९५च्या जानेवारीत 'करण अर्जुन' लागला. ठाकूर दुर्जनसिंगाचा मुन्शी म्हणून त्यात अशोक सराफ दिसले, तेव्हा मराठी प्रेक्षकाला फारसं नवल वाटलं नाही. आपला मोठा नट हिंदीत गेला की मुन्शी होतो, हवालदार होतो, नाहीतर हिरोच्या घरचा नोकर होतो, हे आपण केव्हाच पत्करून टाकलं होतं. नवल वाटलं ते त्याच वर्षी झी टीव्ही लावल्यावर. तिथे हेच गृहस्थ एका मध्यमवर्गीय फ्लॅटच्या दारात उभे होते. नाव आनंद माथुर. घरात पाच मुली, दुसरी बायको आणि भिंतीवरच्या तसबिरीत पहिली बायको, जी वारलेली असूनही गप्प बसायला तयार नव्हती. मालिका होती 'हम पांच'.

ज्या माणसाच्या नुसत्या एंट्रीला गावोगावच्या थिएटरांत शिट्ट्या पडायच्या, तो आता आठवड्यातून एकदा, अर्धा तास, आपल्या दिवाणखान्यात येऊन बसणार होता. आणि तो चांगला ऐसपैस बसला. नव्वदीच्या उरलेल्या वर्षांत हिंदी टीव्हीवरचा बाप म्हटलं की माथुरसाहेबच डोळ्यांपुढे यायचे. मग नवं शतक उजाडता उजाडता हा सगळा प्रकार आटोपला. पन्नासहून अधिक वर्षांची कारकीर्द, अडीचशेच्या वर सिनेमे, आणि त्यात हा पाच-सहा वर्षांचा तुकडा. सराफांवर लिहिणारे तो एका ओळीत उरकतात. मला तो तेवढ्यावर सोडवत नाही. सिनेमातला विनोदी नट टीव्हीच्या पेटीत मावतो का, मावला तर किती दिवस टिकतो आणि तिथून त्याला हुसकावतं कोण, हे सगळं त्या तुकड्यात बघायला मिळतं.

नेरुळला आमच्याकडे ज्येष्ठ नागरिकांचा एक कट्टा आहे. संध्याकाळी चालून आलेली मंडळी तिथे टेकतात आणि पालिकेपासून पाकिस्तानपर्यंत सगळ्यांचा समाचार घेतात. तिथे 'हम पांच'चा विषय काढला, तर दोन मिनिटांत गलका झाला. कुणाला काजलभाई आठवली, कुणाला बेल वाजली की केस सावरत, गिरक्या घेत दार उघडायला जाणारी स्वीटी. एका आजींनी तर वरच्या मजल्यावरच्या त्या पूजाची नक्कल करून दाखवली, जिला कुणी आंटी म्हटलेलं खपायचं नाही. मी विचारलं, आणि अशोक सराफांचं कुठलं वाक्य आठवतं? सगळे थांबले. चेहरा आठवत होता, मान हलवणं आठवत होतं, वाक्य मात्र एकालाही सांगता येईना. हेच लोक 'अशी ही बनवाबनवी'तले सराफांच्या धनंजय मान्यांचे संवाद झोपेतून उठवलं तरी म्हणतील.

हा फरक का पडला, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

अशोक सराफांचा जन्म १९४७चा, मुंबईचा. मामा गोपीनाथ सावकार हे जुन्या रंगभूमीवरचं मोठं नाव. भाच्याचं रंगभूमीवरचं पदार्पण त्यांच्याच संस्थेच्या 'ययाति आणि देवयानी'त, विदूषकाच्या भूमिकेत. पोटापाण्यासाठी स्टेट बँकेतली नोकरी आणि उरलेल्या वेळात नाटक, हा त्या काळच्या नटांचा ठरलेला संसार त्यांनीही केला. १९७५च्या 'पांडू हवालदार'मध्ये दादा कोंडक्यांच्या शेजारी ते उभे राहिले आणि महाराष्ट्राला कळलं की दादांसमोरही कुणी उभं राहू शकतं. पुढे ऐंशीचं दशक आलं. 'नवरी मिळे नवऱ्याला', 'धुमधडाका', 'गंमत जंमत', 'बनवाबनवी', 'भुताचा भाऊ'. 'धुमधडाका'त म्हाताऱ्याचं सोंग घेऊन त्यांनी काढलेला तो खोकला आजही लग्नाच्या पंगतीत कुणीतरी काढतं.

या सिनेमांची एक गंमत आहे. त्यातला विनोद बहुतेकदा घरात शिरण्याचा आहे. 'बनवाबनवी'त चार मित्रांना पुण्यात भाड्याची जागा हवी असते. ती मिळावी म्हणून दोघांना लुगडी नेसावी लागतात. 'आयत्या घरात घरोबा'चं तर नावच सगळं सांगतं. 'धुमधडाका'त श्रीमंत बापाच्या घराचा दरवाजा उघडण्यासाठी खोटा बाप उभा करावा लागतो. जागेची टंचाई, भाडेकरू, घरमालक, वशिला, सोंग, आणि शेवटी पितळ उघडं पडणं. सिनेमा तीन तासांचा, म्हणून पितळ एकदाच उघडं पडायचं आणि सगळे हसत घरी जायचे.

टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत गोष्ट नेमकी उलटी. तिथे सगळे आधीपासूनच घरात असतात आणि कुणालाच बाहेर पडता येत नाही. सोफा तोच, जिना तोच, शेजारीण तीच. पितळ दर आठवड्याला उघडं पडायचं आणि दर आठवड्याला ते पुन्हा झाकून ठेवायचं. सोंग घेऊन घरात घुसणाऱ्या माणसाला इथे कामच नाही. इथे लागतो घरात अडकलेला माणूस.

सराफ हा अडकलेला माणूस व्हायला तयार झाले, यात परिस्थितीचाही हात होता. १९९१ साली विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' आला आणि मराठी सिनेमाचं वारं फिरलं. अलका कुबल यांची सोशिक सून बघायला बायका ट्रक भरभरून थिएटरला गेल्या. निर्मात्यांनी व्हायचं तेच केलं: एका साडीमागे अनेक साड्या, एका माहेरामागे अनेक माहेरं. विनोदी लाट तोवर स्वतःच दमली होती. तीच माणसं, तेच बगिच्यातलं गाणं, तीच शेवटची मारामारी. प्रेक्षकाने पाठ फिरवली असं म्हणणं अन्यायाचं होईल; त्याला नवीन काही देऊ केलंच नव्हतं.

मग 'बनवाबनवी'ची टोळी पांगली. लक्ष्मीकांत बेर्डे 'मैंने प्यार किया'पासून हिंदीत गेलेच होते. 'साजन', 'बेटा', 'हम आपके हैं कौन' अशी त्यांची तिकडची वाट होती, आणि त्या वाटेवर ते कायम हिरोच्या मागे दोन पावलं राहिले. मराठीत ज्याच्या नावावर सिनेमा उभा राहायचा, त्याने हिंदीत चहाचा ट्रे घेऊन येणं मला कधीच बघवलं नाही. मधल्या काळात, १९९२मध्ये, जब्बार पटेलांच्या 'एक होता विदूषक'मध्ये त्यांनी आपल्यात काय आहे ते दाखवलं, तर ते बघायला गर्दी झाली नाही. लक्ष्या २००४च्या डिसेंबरात गेला, अवघ्या पन्नाशीत. सचिन पिळगावकरांनी टीव्हीचा अंदाज सगळ्यांआधी घेतला. १९९४मध्ये त्यांनी 'तू तू मैं मैं' आणली. त्यात सासू रीमा लागू, सून सुप्रिया पिळगावकर. आणि सराफ 'हम पांच'मध्ये गेले.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण ती फारशी कुणी मोजत नाही. नव्वदीतल्या हिंदी विनोदी मालिकांची नावं घ्या: 'श्रीमान श्रीमती'त रीमा लागू, 'तू तू मैं मैं'मध्ये रीमा आणि सुप्रिया, दिग्दर्शक सचिन, 'हम पांच'मध्ये सराफ आणि तसबिरीत प्रिया तेंडुलकर. हिंदी टीव्हीचा तो हसरा दिवाणखाना बराचसा मराठी रंगभूमीने सजवून दिला होता. नाटकाच्या नटाला एकाच सेटवर, एकाच दारातून, दोन तास ये-जा करायची सवय असते. अडकलेल्या माणसांचा विनोद त्याच्या हाडीमाशी असतो. हिंदी सिनेमाच्या विनोदवीरांना ते जमलं नाही, कारण त्यांना हिरोच्या प्रेमकथेत मधे मधे दोन मिनिटं येऊन धमाल उडवून जायची सवय.

हे सगळं बघायला प्रेक्षक कोण होता? नव्या मुंबईतून बघताना मला त्याचं उत्तर फार सोपं वाटतं. १९९२च्या जानेवारीत नवी मुंबई महानगरपालिका झाली. त्याच वर्षी मे महिन्यात मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल वाशीला आली. ऑक्टोबरात झी टीव्ही सुरू झाला. हा निव्वळ योगायोग, पण वाशीत, सानपाड्यात, कोपरखैरण्यात राहणाऱ्यांसाठी तो एकाच वर्षाचा ऐवज होता. लालबाग-परळच्या चाळीतून, दादरच्या एका खोलीतून, सातारा-कोल्हापूरहून बाजार समितीत माथाडी म्हणून आलेल्यांच्या घरांतून निघालेली माणसं सिडकोच्या फ्लॅटमध्ये येऊन पडली होती. दार बंद होणारं पहिलं घर. चाळीत करमणूक गॅलरीत चालायची. इथे संध्याकाळ झाली की जिन्यात चिटपाखरू नाही. नाट्यगृहं, जुनी थिएटरं, सगळं खाडीपलीकडे. मग गच्चीवर केबलवाल्याची छत्री बसली, एका बिल्डिंगवरून दुसऱ्या बिल्डिंगवर काळ्या वायरी लोंबकळायला लागल्या आणि संध्याकाळ पुन्हा माणसांनी भरली. फक्त ती माणसं काचेच्या आत होती.

माथुरांचं घर या घरांसारखंच होतं. फार श्रीमंत नाही, फार गरीब नाही. सोफा आहे, पण पाहुणे आले की मुलींना उठावं लागतं. 'बनवाबनवी'त ज्यांना जागा मिळत नव्हती त्यांना जणू सिडकोने लॉटरीत फ्लॅट दिला, आता पुढे काय, असा तो मामला. पुढे काय, तर हप्ते, मुलींची शिक्षणं, वरच्या मजल्यावरची बाई आणि घरात स्वतःच्या पंख्याखाली बसायला न मिळणं.

मालिका बालाजी टेलिफिल्म्सची. एकता कपूर तेव्हा जेमतेम विशीच्या. लेखन इम्तियाज पटेल यांचं, दिग्दर्शन कपिल कपूर यांचं. पाच मुलींची पाच टोकं अशी आखलेली, की कुणीही कुणाशी बोललं तरी ठिणगी पडावी. थोरली मीनाक्षी स्त्रीमुक्तीवाली, मोर्चे काढणारी. वंदना पाठक यांनी ती दणदणीत केली. राधिका चष्मेवाली, अभ्यासू. ही भूमिका काही काळ विद्या बालन या तेव्हा कुणालाच माहीत नसलेल्या मुलीने केली. स्वीटी सौंदर्यस्पर्धेच्या स्वप्नात. काजल पोरांच्या कपड्यांत, गल्लीतली भाई. आणि छोटी, घरातली बातमी घराबाहेर पोचवण्याच्या कामावर. त्यांच्यावर सावत्र, पण प्रेमळ आणि जरा गोंधळलेली आई, शोमा आनंद यांची बीना.

आता यात सराफ काय करतात, ते जवळून बघण्यासारखं आहे. जुने भाग इंटरनेटवर सापडतात. एखादा आवाज बंद करून बघा. दारातून आत आलेला बाप आधी कुणाशीच बोलत नाही. त्याची नजर खोलीभर फिरते, कारण आज कुठल्या दिशेने हल्ला होणार हे त्याला अजून कळायचंय. एक मुलगी तक्रार घेऊन येते, तो तिच्याकडे वळतो. वळतो न वळतो तोच दुसरी. मान अर्धी इकडे, धड अर्धं तिकडे, असा तो मधेच अडकतो. भुवया वर जातात, तोंड उघडतं, शब्द येत नाही, तोंड मिटतं. मग तो चालत जाऊन तसबिरीपुढे उभा राहतो. प्रिया तेंडुलकर वरून खवचट काहीतरी बोलतात, आणि जिवंत घरात ज्याला बोलायला मिळत नाही तो माणूस मेलेल्या बायकोशी हुज्जत घालतो. हशा कुठे येतो? बहुतेकदा इतरांच्या वाक्यावर, पण फुटतो तो सराफांच्या चेहऱ्यावर. वाक्य फेकायचं काम बायकांचं, ते झेलायचं काम यांचं.

प्रिया तेंडुलकरांविषयी थोडं सांगायलाच हवं. दहाच वर्षांपूर्वी 'रजनी' म्हणून गॅसवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांना जाब विचारणारी ही बाई. तिला इथे एका चौकटीत बंद करून ठेवलंय आणि तरी ती घर चालवतेय. ज्याने कुणी ही निवड केली त्याला मनापासून दाद द्यावी लागेल. चौकटीत हात हलवायलाही जागा नाही, चालायला जमीन नाही; उरतात फक्त डोळे आणि आवाज. त्या दोघांचे प्रसंग हे मला त्या मालिकेतलं सगळ्यात कसदार काम वाटतं, कारण ते मुळात मराठी नाटकातलं काम आहे.

टीव्हीवरचे विनोदी नट सहसा तकियाकलामावर जगतात. एक वाक्य सापडलं की दर भागात ते एकदा तरी म्हणायचं. प्रेक्षक त्याची वाट बघतो आणि ते आलं की हसतो. 'हम पांच'मध्येही असे तकियाकलाम होते, पण ते इतरांना वाटलेले. सराफांकडे एकही नाही. 'धुमधडाका'त खोकला काढणारा माणूस इथे साधा घसाही खाकरत नाही. यात मला त्यांचं खरं शहाणपण दिसतं. सिनेमात तीन तासांत दहा वेळा काढलेला खोकला मजा देतो. तोच खोकला वर्षाला बावन्न आठवडे काढला, तर घरातले लोक डॉक्टरचा नंबर शोधतील. त्यांनी आपली पुंजी खर्चच केली नाही. ते दुसऱ्याच्या विनोदावर जगले, आणि म्हणून टिकले.

ही पुंजी संपण्याची भीती जगभरच्या विनोदी नटांनी अनुभवली आहे. मूकपटांचा बादशहा बस्टर कीटन १९५०च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या टीव्हीवर स्वतःचा कार्यक्रम घेऊन आला. लोकांना तो आवडला, पण दर आठवड्याला नवीन करामत कुठून आणायची, हे त्याला झेपेना. त्याने आपणहून तो आवरता घेतला. आयुष्यभर जमवलेली सगळी शिदोरी टीव्हीने काही आठवड्यांत फस्त केली होती. उलट ल्युसिल बॉल. सिनेमात दोन दशकं काढूनही तिथे ती दुय्यमच राहिली. १९५१मध्ये 'आय लव्ह लूसी' आली आणि ती अमेरिकेची लाडकी झाली. तिच्या मालिकेच्या केंद्रस्थानी करामती नव्हत्या. घर होतं, नवरा होता, शेजारी होते. आपल्याकडे १९८४च्या 'ये जो है जिंदगी'ने तिसरीच युक्ती काढली: सतीश शहा दर भागात वेगळ्या माणसाच्या रूपात यायचे. घर तेच, पाहुणा नवा. सोंगाड्या नटाला टीव्हीत ठेवायचं तर असंच ठेवायला हवं होतं, पण एवढी मेहनत पुढे कुणी केली नाही. आणि दादा कोंडके? ते टीव्हीच्या वाटेला गेलेच नाहीत, आणि गेले असते तरी निभावलं नसतं. त्यांचा विनोद अंधारात, अनोळखी लोकांच्या गर्दीत हसायचा. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना उजेडात तो ऐकणं अवघड.

सराफांना याची एक किंमतही मोजावी लागली. महाराष्ट्राबाहेर ते माथुरसाहेब झाले आणि माथुरसाहेबच राहिले. लखनौत किंवा इंदुरात ज्यांनी त्यांना दर आठवड्याला घरात घेतलं, त्यांना या माणसाच्या मागे वीस वर्षांचा केवढा सिनेमा उभा आहे याची कल्पनाच नव्हती. त्यांच्या दृष्टीने तो एक चांगला चरित्र अभिनेता. आपल्याकडे उलट: अशोकमामा टीव्हीवर वाया चाललेत, अशी हळहळ त्या वर्षांत मी कितीदा तरी ऐकली. मला ती तेव्हाही पटली नव्हती. मराठी सिनेमा त्या वर्षांत त्यांना जे देत होता, त्याच्यापेक्षा ती तसबीर केव्हाही बरी.

हा मुक्काम संपवला कुणी? सराफांचा विनोद शिळा झाला होता असं मला वाटत नाही. तो संपवला कॅलेंडरने. ३ जुलै २००० या दिवशी स्टार प्लसवर दोन कार्यक्रम सुरू झाले: 'कौन बनेगा करोडपती' आणि 'क्योंकि सास भी कभी बहू थी'. दुसरा बालाजीचा. ज्या संस्थेने 'हम पांच'वर आपलं बस्तान बसवलं, तिनेच आठवड्याची मालिका मोडीत काढली. त्यानंतर टीव्ही रोजचा झाला. महिन्याला चार भागांऐवजी वीस-बावीस. जाहिरातदाराला रोज ठरावीक वेळी तीच बाई टीव्हीपुढे बसलेली हवी होती, आणि ती बसवायला रडणं आणि रहस्य जास्त कामाचं, हसणं नाही. रडणं लांबवता येतं. पदर सावरताना बसलेला धक्का तीन बाजूंनी, तीन वेळा दाखवता येतो, आणि तेवढ्यात भाग संपतो. विनोद तीनदा दाखवला तर तो मरतो. त्याला लेखक लागतो, तालीम लागते, कापायला संपादक लागतो, आणि या सगळ्याला वेळ लागतो. आठवड्यात एका अर्ध्या तासासाठी तो वेळ मिळत होता. रोजच्या अर्ध्या तासात सेटवर सकाळी पानं येतात आणि दुपारी ती चित्रित होतात.

सराफांनी प्रयत्न सोडला नाही. सहारावर 'डोन्ट वरी हो जाएगा' होती. २००० सालच्या जुलैतच ई टीव्ही मराठी सुरू झाली, आणि पत्नी निवेदिता सराफांच्या अनिकेत टेलिफिल्म्सने तिथे 'टन टना टन' दिली. २००५मध्ये 'हम पांच' पुन्हा आणून बघितली. ती पुढल्या वर्षाच्या पुढे गेली नाही. २०१७मध्ये दुसऱ्याच वाहिनीवर, सराफांशिवाय, तिसऱ्यांदा. त्याबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. बाप बदलला की घर बदलतं.

मराठीत आठवड्याची मालिका थोडी जास्त तगली, याचं श्रेय दिलीप प्रभावळकरांना. २००१मध्ये अल्फा मराठीवर केदार शिंदे दिग्दर्शित 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आली आणि चार-एक वर्षं चालली. तिची मूळ संहिता प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'ची, म्हणजे लेखक आणि नट एकाच देहात. प्रभावळकर उलट दिशेने आलेले. सत्तरीच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनच्या 'चिमणराव'ने त्यांना घरोघरी पोचवलं, सिनेमातला मोठा मान नंतरचा. टीव्हीची लांबी त्यांना सुरुवातीपासून माहीत होती.

ज्यांना ती माहीत नव्हती त्यांचं काय झालं, याची उदाहरणं पुढे येत राहिली. जॉनी लिव्हर धारावीत वाढले. हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात साहेबांच्या नकला करता करता त्यांना ते आडनाव चिकटलं. दोन मिनिटांत थिएटर डोक्यावर घेणारा असा दुसरा माणूस हिंदीत झाला नाही. २०१७च्या नोव्हेंबरात सब टीव्हीवर 'पार्टनर्स' आली, तिच्यात ते पोलीस कमिशनर. सोबत किकू शारदा, विपुल रॉय. पडद्यामागेही विनोदी मालिकांतली मुरलेली माणसं. तरीही ती वर्षभरही चालली नाही. जॉनी लिव्हरची ताकद स्फोटाची आहे, आणि रोज ठरावीक वेळी स्फोट झाला तर लोक खिडक्या लावून घेतात. भरत जाधवांचंही तेच. 'सही रे सही'त रंगमंचावर चार माणसं उभी करणारा, 'जत्रा' गाजवणारा नट २०२०मध्ये कलर्स मराठीवर 'सुखी माणसाचा सदरा' घेऊन आला. दिग्दर्शक पुन्हा केदार शिंदे. करोनाचं वर्ष, माणसं घरात, हसायची गरज कधी नव्हती एवढी. मालिका काही महिन्यांतच थांबली. टिपऱ्यांच्याच दिग्दर्शकाला जे २००१मध्ये जमलं ते २०२०मध्ये का जमू नये? नट तर तोडीचा होता. वाहिनीचं गणित बदललं होतं.

विनोद टीव्हीवरून गेला असं मात्र कुणी म्हणू नये. 'फू बाई फू', 'चला हवा येऊ द्या', 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' यांनी तो जोरात आणला, पण घरातून काढून मंचावर नेला. दहा मिनिटांचं स्किट, समोर हसणारे परीक्षक, दर स्किटला नवं सोंग. सिनेमातल्या आणि लोकनाट्यातल्या विनोदी नटाला हे माहेरच. म्हणून तिथे नवे नट घडतात, गाजतात, वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहासारख्या ठिकाणी त्यांच्या नाटकाला रांग लागते. अडकलेल्या माणसाची, तेच घर आणि तीच बायको वर्षानुवर्षं सोसणाऱ्या माणसाची गोष्ट तेवढी मागे पडली. ती मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंमध्ये तुकड्या-तुकड्याने दिसते. कुणीतरी नवरा-बायको खारघरच्या आपल्या खऱ्याच हॉलमध्ये उभे राहून ती करतात आणि लाखो लोक बघतात.

सराफांना २०२३ या वर्षाचा महाराष्ट्र भूषण मिळाला, २०२५मध्ये पद्मश्री. दोन्हींच्या मधे, २०२४च्या नोव्हेंबरात, सत्त्याहत्तरीत त्यांनी कलर्स मराठीवर 'अशोक मा. मा.' सुरू केली. शिस्तीचा, तिरसट म्हातारा आणि त्याच्या घरात अचानक येऊन पडलेली मुलं. म्हणजे पुन्हा तोच अडकलेला माणूस, पण आता रोज. कट्ट्यावरच्या आजींचं म्हणणं असं की मामांचं काम छान आहे, पण रोज रोज कोण बघणार, आठवड्याला एकदा असतं तर चुकवलं नसतं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही वाहिनीला पत्र लिहा. त्या म्हणाल्या, लिहिते, पण तो रविवारचा अर्धा तास आता रिकामा कुठाय? तिथे गाण्याची स्पर्धा चालू आहे.